पदच्युताची कथा आणि सहानुभूतीचा हक्क

सार्वजनिक जीवनातील एखाद्या मान्यवरावर गैरवर्तनाचा आरोप होतो, त्याला पद सोडावे लागते, आणि लवकरच एक वाक्य सर्वत्र ऐकू येऊ लागते : 'एका आरोपाने इतक्या वर्षांची कारकीर्द संपली.' या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. 'कारकीर्द' हा त्याचा कर्ता. 'आरोप' तृतीयेत, म्हणजे साधन म्हणून, एखाद्या शस्त्रासारखा. ज्या कृतीविषयी आरोप झाला ती कृती आणि जिच्या वाट्याला ती आली ती व्यक्ती, या दोहोंना वाक्यात कोणतीच विभक्ती मिळालेली नाही. वाक्य खोटे असतेच असे नाही. पण ते एका कथेचे बीज असते आणि त्या कथेचा नायक कोण, हे त्यात आधीच ठरून गेलेले असते. अशा व्यक्तीला सहानुभूती द्यावी की नाही हा प्रश्न आपण बहुधा या कथेच्या आत राहूनच विचारतो. म्हणून तो नीतिशास्त्राचा आहे तितकाच कथनमीमांसेचाही आहे.

'कारकीर्द' हा शब्दही निर्लेप नाही. फार्सीतून आलेला हा शब्द मराठीत दीर्घकाळ राज्यकर्त्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या अमदानीसाठी वापरला गेला; नोकरीपेशातील वाटचालीसाठी तो नंतर रुळला. 'नोकरी गेली' म्हणताना जे सुचत नाही ते 'कारकीर्द संपली' म्हणताना नकळत सुचते : काही एक राज्य होते, ते गेले. आणि राज्य गेल्याची कथा कशी सांगायची व कशी ऐकायची, हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

या विषयावरील वाद पुष्कळदा शब्दांच्या सरमिसळीतून निर्माण होतो. कीव वरून खाली वाहते. ती करणाऱ्याला तिच्यात थोडे समाधानही असते. हळहळ निराळी. चांगले भांडे फुटले तरी ती वाटते, हातातोंडाशी आलेले पीक गेले तरी वाटते, आणि ज्याने आपल्याच हाताने आपला घात करून घेतला त्याच्याविषयीही वाटते. हळहळीला पात्रता लागत नाही. सहानुभूतीला मात्र लागते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहणे तिच्यात अभिप्रेत आहे. आणि जो एका जागी उभा राहतो तो त्या वेळी दुसऱ्या जागी उभा नसतो. पदच्युत माणसाविषयी हळहळूही नका असे कोणी म्हणत असेल तर ते अमानुष होय. परंतु हळहळ वाटली म्हणून सहानुभूतीचा हक्क सिद्ध झाला, आणि सहानुभूतीचा हक्क सिद्ध झाला म्हणून पदावरील हक्कही सिद्ध झाला, अशी जी साखळी नकळत जुळवली जाते, तिची प्रत्येक कडी तपासून पाहावी लागेल.

ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'तील तेरावे प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. करुणा अपात्री आलेल्या दुःखाविषयी वाटते, भीती आपल्यासारख्याच्या दुःखाविषयी वाटते, आणि निव्वळ दुर्जनाचे पतन या दोहोंपैकी काहीच जागवत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. त्याच प्रकरणात आणखी एक अट आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते : शोकात्मिकेचा नायक मोठी कीर्ती आणि समृद्धी भोगणाऱ्यांपैकी असावा. इडिपस किंवा थायेस्टीस यांच्यासारखा. म्हणजे करुणेसाठी दोन मापे आहेत, एक पात्रतेचे आणि दुसरे उंचीचे. पदच्युत मान्यवरांविषयीच्या आजच्या चर्चेने यातले दुसरे माप जपले आणि पहिले सोडून दिले, असे दिसते. दुःख अपात्री आले का, हे तपासण्याआधीच ते किती उंचीवरून आले यावर करुणा बेतली जाते. 'चूक झाली' हे निवेदनांतले आवडते विधान हॅमार्शियाच्या जवळचे वाटते खरे; पण इडिपसचा प्रमाद अज्ञानातून घडलेला होता, वाटेत आपण कोणावर हात उगारतो आहोत हे त्याला माहीत नव्हते. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला आपल्या खोलीत बोलावणाऱ्या वरिष्ठाला ती कोण आहे आणि आपण कोण आहोत, हे दोन्ही पक्के माहीत असते.

उंचीच्या या मापाकडे ॲडम स्मिथनेही संशयाने पाहिले होते. १७५९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या नैतिक भावनांविषयीच्या ग्रंथात त्याने सहानुभूतीलाच नीतीचा पाया मानले, हे सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथात त्याने असेही नोंदवले की राजांच्या आणि मोठ्यांच्या विपत्तीने जेवढी करुणा उत्पन्न होते तेवढी तशाच विपत्तीत सापडलेल्या सामान्य माणसाविषयी होत नाही. १७९०च्या सहाव्या आवृत्तीत तर त्याने एक स्वतंत्र प्रकरण जोडून, श्रीमंतांचे व थोरांचे कौतुक करण्याची ही प्रवृत्ती आपल्या नैतिक भावनांच्या विकृतीचे सर्वांत मोठे आणि सार्वत्रिक कारण होय, असे म्हटले. सहानुभूतीचा एवढा मोठा पुरस्कर्ता तिच्या पक्षपाताविषयी इतका सावध होता, हे आज सहानुभूतीच्या नावाने बोलणारे सहसा सांगत नाहीत.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडता येतो. भट्टनायकाच्या साधारणीकरणामुळे नाट्यातील शोक विशिष्ट व्यक्तीपासून सुटतो आणि म्हणूनच सहृदयाला आस्वाद्य होतो. नाट्यगृहात हे इष्टच आहे. परंतु नाट्यगृहाबाहेर, जेथे कोणी, कोणाशी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराच्या बळावर काय केले हेच ठरवायचे असते, तेथे साधारणीकरण एका बाजूचेच होते. पदच्युत माणूस 'उद्या आपणही' म्हणून साधारण होतो. तक्रार करणारी स्त्री मात्र विशिष्टच राहते. तिचा स्वभाव कसा, ती इतकी वर्षे गप्प का होती, तिला यातून काय मिळाले, हेच प्रश्न तिच्या वाट्याला येतात.

या संदर्भात जे. एम. कोएत्झी यांच्या १९९९ सालच्या 'डिसग्रेस' या कादंबरीचा जरा सविस्तर विचार करणे आवश्यक वाटते. केपटाउनमधील बावन्न वर्षांचा प्राध्यापक डेव्हिड लूरी आपल्या मेलनी आयझॅक्स या विद्यार्थिनीशी शरीरसंबंध ठेवतो, तक्रार होते, चौकशी समिती बसते. लूरी तक्रारीचा मजकूर न वाचताच आपण दोषी असल्याचे मान्य करतो. पण पश्चात्तापाचे जे निवेदन समितीला हवे आहे ते द्यायला नकार देतो. निवेदन दिले असते तर नोकरी वाचण्याचा मार्ग कदाचित निघाला असता. सत्य आणि समेट आयोगाचे काम दक्षिण आफ्रिकेत १९९६पासून सुरू होते, आणि कबुली, पश्चात्ताप व क्षमा यांचे सार्वजनिक व्यवहार तेथील हवेतच होते; समितीच्या प्रसंगामागे ते उभे आहेत. या प्रसंगात वाचक लूरीकडे झुकतो. समितीची भाषा नियमांची, लूरीची विडंबनाची. आणि विडंबनाला साहित्याचा वाचक नेहमीच पटकन भुलतो. आपल्या तोऱ्यात नोकरी गमावणारा माणूस आपल्याला थोडा उदात्तही वाटू लागतो.

कादंबरी ही भूल पाडते आणि नंतर तिचा हिशेब मागते. निवेदन तृतीयपुरुषी आणि वर्तमानकाळी आहे, पण सारे काही लूरीच्या दृष्टिकेंद्रातूनच येते. मेलनीच्या मनात काय चालले होते हे आपल्याला कधीच कळत नाही. तिच्या घरातला प्रसंग तिला नकोसा होता हे लूरीच्याच जाणिवेत उमटते, आणि त्याच वाक्यात तो त्याला बलात्कार म्हणायचे टाळतो. पुढे लूरी मुलीच्या शेतावर जातो. तेथे तिघेजण लूसीवर बलात्कार करतात, आणि लूसी त्याविषयी बापाशी बोलत नाही, पोलिसांतही ती तक्रार देत नाही. लूरी कल्पनेने त्या प्रसंगात शिरू पाहतो. त्या पुरुषांच्या जागी आपण सहज उभे राहू शकतो, हे त्याला जाणवते. त्या स्त्रीच्या जागी उभे राहणे आपल्याला जमेल का, हा प्रश्न त्याला पडतो. स्वच्छंदतावादी कवींवर आयुष्यभर शिकवणाऱ्या, म्हणजेच सहानुभूतीशील कल्पनाशक्तीवर ज्याचा व्यवसाय उभा होता अशा माणसाला तो प्रश्न पडावा, ही या कादंबरीतली सर्वांत कठोर गोष्ट होय. लूरीची नोकरी गेली म्हणून हळहळणाऱ्या वाचकालाही तो लागू पडतो : आपण ज्याच्या जागी इतक्या सहजतेने उभे राहिलो, ती जागा सहज का मिळाली?

मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवल्याशिवाय राहणार नाही. १९६७ साली 'रंगायन'ने ते रंगमंचावर आणले. खोट्या खटल्याच्या खेळात लीला बेणारेवरचे आरोप हळूहळू खरे होत जातात. कुमारी मातृत्व, त्यावरून नीतीची चर्चा, आणि शेवटी शिक्षिकेची तिची नोकरीही जाणार असल्याची वार्ता. ज्याच्यापासून तिला दिवस गेले आहेत तो प्राध्यापक दामले नाटकात येतच नाही. त्या दिवशी तो आलेला नाही एवढे कळते. त्याच्या पदाला, संसाराला, विद्वत्तेला कोठे धक्का लागत नाही. या नाटकावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, परंतु जीविकेच्या अंगाने त्याकडे कमी पाहिले गेले. या न्यायालयात नोकरी एकटीचीच पणाला लागते, आणि ती जाते तेव्हा कोणीही 'कारकीर्द संपली' असे म्हणत नाही. शिक्षिकेची नोकरी म्हणजे कारकीर्द नव्हे, हे काशीकर आणि सुखात्मे यांना जितके स्वाभाविक वाटते तितकेच, जरा प्रामाणिकपणे पाहिले तर, प्रेक्षकालाही वाटत आले आहे.

वास्तवातील दामल्यांचे काय होते, याचे आपल्याकडील एक नोंदलेले उदाहरण चंडीगढचे आहे. जुलै १९८८मध्ये एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आपला विनयभंग केला, अशी तक्रार भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी रूपन देओल बजाज यांनी केली. १९८९ साली गिल यांना पद्मश्री देण्यात आली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तक्रारच रद्दबातल ठरवली. ती पुन्हा जिवंत करायला १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. १९९६मध्ये गिल दोषी ठरले. तुरुंगवासाची शिक्षा अपिलात परिवीक्षेत बदलली, दोषसिद्धी मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे २००८पर्यंत राहिले. दहशतवादाशी लढणाऱ्या एका शूर अधिकाऱ्याला असल्या क्षुल्लक गोष्टीत गुंतवू नये, असा युक्तिवाद तेव्हा प्रतिष्ठित वर्तुळांत केला जात असे. सहानुभूतीची भाषा कारकीर्द गेल्यावरच सुरू होते असा एक समज आहे. येथे ती कारकीर्द जाऊ नये म्हणून आधीच कामाला लागली होती. तक्रार करणारी व्यक्तीही उच्चपदस्थ होती, म्हणून तरी ती सतरा वर्षे तग धरू शकली.

दुसरे उदाहरण अलीकडचे. पत्रकार प्रिया रमाणी यांनी १९९३ साली मुंबईतील एका हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी आलेल्या अनुभवाविषयी २०१७मध्ये नाव न घेता लिहिले आणि ऑक्टोबर २०१८मध्ये एम. जे. अकबर यांचे नाव घेतले. अन्य अनेक महिला पत्रकारांनीही आपापले अनुभव सांगितले. अकबर यांनी सर्व आरोप नाकारले, अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार दाखल केली आणि १७ ऑक्टोबर २०१८ रोजी परराष्ट्र राज्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडले. अकबर यांनी त्याविरुद्ध अपील केले आणि २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते दाखल करून घेतले; त्यामुळे मूळ घटनेविषयी येथे काही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. निकालपत्रातील विचार मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. प्रतिष्ठेचा हक्क स्त्रीच्या जीविताच्या व आत्मसन्मानाच्या हक्काची किंमत देऊन रक्षिता येत नाही, आणि स्त्रीला आपले गाऱ्हाणे दशकांनंतरही, आपल्या पसंतीच्या व्यासपीठावर मांडण्याचा अधिकार आहे, असा त्याचा आशय. १९९३ साली तक्रार ऐकून घेणारी यंत्रणाच नव्हती, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे १९९७ची आहेत आणि कायदा २०१३चा.

या खटल्यात 'कारकीर्द' कशी मोजली गेली ते पाहावे. दशकानुदशके कमावलेली प्रतिष्ठा एका क्षणात गेली, ही फिर्यादीची मांडणी होती. मंत्रिपद गेले हे खरे. राज्यसभेचे सदस्यत्व मुदत संपेपर्यंत, २०२२पर्यंत, होते. २०२५ साली भारताची बाजू मांडण्यासाठी युरोपात गेलेल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. दोष सिद्ध न झालेल्या माणसाने सार्वजनिक काम करू नये असे कोणी म्हणू शकत नाही, आणि तसे सुचवायचेही नाही. पण 'संपली' हे क्रियापद किती घाईने वापरले जाते, एवढे यावरून कळावे. उलट ज्या तरुण पत्रकार अशा अनुभवांनंतर वृत्तपत्रे सोडून दुसऱ्या कामांकडे वळल्या असतील, त्यांच्या बाबतीत कोणते क्रियापद वापरायचे? जे सुरूच झाले नाही त्याला 'संपले' म्हणता येत नाही. पतनाच्या कथेला उंची लागते. न चढलेल्या पायऱ्यांची कथा आपल्या कथनपरंपरेला अद्याप नीट सांगता आलेली नाही.

येथे एक शंका उपस्थित होईल, आणि ती गंभीर आहे. आरोप खोटा असेल तर? किंवा खरा असूनही शिक्षेच्या मानाने लहान असेल तर? अमेरिकन सिनेटर ॲल फ्रँकन यांनी डिसेंबर २०१७मध्ये राजीनाम्याची घोषणा केली, ती त्यांच्याच पक्षाच्या सहकाऱ्यांच्या दबावाखाली आणि सिनेटच्या नीतिसमितीची चौकशी पूर्ण होण्याआधी. २०१९ साली पत्रकार जेन मेयर यांनी त्या प्रकरणाचा फेरशोध घेतला तेव्हा राजीनाम्याची मागणी करणाऱ्या काही आजी-माजी सिनेटरांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. या प्रकरणात काहीतरी चुकले असे वाटणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत आहे. मात्र जे चुकले ते सहानुभूतीच्या अभावाने चुकले असे म्हणता येणार नाही. फ्रँकन यांना सहानुभूती भरपूर मिळाली. लोकप्रिय विनोदकाराला ती न मिळती तरच नवल. त्यांना मिळाली नाही ती चौकशी, आणि त्यांच्याविषयी तक्रार करणाऱ्या स्त्रियांनाही ती मिळाली नाही. दुसरी बाजू ऐकून घ्यावी, आरोप व शिक्षा यांत प्रमाण असावे, निर्णय कारणांसह द्यावा, ही न्यायाची मागणी आहे. आरोपित आपल्याला आवडतो की नाही, तो किती उंचावरून खाली आला, त्याच्या पुस्तकांनी आपले तरुणपण कसे घडवले, यांवर ती अवलंबून नाही. सहानुभूती मात्र नेमकी यांवरच अवलंबून असते. म्हणून न्यायाच्या जागी सहानुभूती मागणारे ज्याच्यासाठी ती मागतात, त्याचेही अहित करतात. तो निर्दोष असेल तर त्याला परिमार्जन हवे, कणव नव्हे. आणि कणव मिळाली की परिमार्जनाचा प्रश्न मागे पडतो. शिवाय एखाद्या शाळेतला शिपाई किंवा बसचा वाहक खोट्या आरोपाने नोकरी गमावतो तेव्हा सहानुभूतीचा हा सारा ओघ त्याच्या दारापर्यंत कधीच पोहोचत नाही. त्याला आधार असतो तो चौकशीच्या नियमांचा, तेही जेथे असतील तेथे.

याचा अर्थ पदच्युत माणूस आपल्या सहानुभूतीच्या कक्षेबाहेर जातो असा नाही. पद हे विश्वासाने सोपवलेले असते, मालकीचे नसते. ते काढून घेतल्याने मालकीहक्काची हानी होत नाही, म्हणून त्या हानीबद्दल सहानुभूती मागता येत नाही. पण पद गेल्यावर जो माणूस मागे उरतो त्याच्याशी पदाचा हिशेब संपलेला असतो, आणि तेथे सहानुभूतीला जागा मिळू शकते. 'डिसग्रेस'चा उत्तरार्ध या जागेवर उभा आहे. लूरी प्राण्यांच्या दवाखान्यात मारून टाकलेल्या कुत्र्यांची शरीरे नीट जाळली जावीत म्हणून ती स्वतः भट्टीपर्यंत नेतो. मेलनीच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर व बहिणीसमोर जमिनीला डोके टेकवतो. हे पुरेसे आहे असे कादंबरी म्हणत नाही. तिच्या आईवडिलांनी त्याला क्षमा केली असेही म्हणत नाही. वाचक मात्र येथे त्याच्या जवळ येतो, आणि चौकशी समितीच्या प्रसंगी आला होता त्याहून फार वेगळ्या कारणाने.

मधल्या काळात लूरी एकदा विद्यापीठात जातो. त्याच्या खोलीत नवा, तरुण अध्यापक बसलेला असतो, भाषाशिक्षणाच्या क्षेत्रातला. दोघे थोडे अवघडून बोलतात. लूरी आपली साचलेली टपाले उचलतो आणि निघतो.